१२ वर्षांच्या मुलासाठी कोणती शॉटगन घ्यावी?

प्रश्न: आम्ही टेक्ससमध्ये राहतो, मी एच-१बीवर आहे. मुलाला सप्टेंबरात मित्राच्या घरच्यांबरोबर होल्यांच्या शिकारीला जायचंय. .४१० घेऊ की २० गेज?

उत्तर: २० गेज. (गेज म्हणजे नळीच्या व्यासाचं माप; आकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक. .४१० हा मात्र इंचांतला व्यास, ती २० गेजहूनही बारीक.) पोर लहान म्हणून बंदूकही लहान, हा हिशोब इथे फसतो. .४१०च्या अडीच इंची काडतुसात जेमतेम अर्धा औंस छर्रे असतात. २० गेजच्या नेहमीच्या काडतुसात ७/८ औंस. अर्ध्या औंसाचा मारा विरळ पडतो, मग नेम थोडा चुकला तरी पक्षी निसटतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे जखमी होऊन झुडपात शिरतो. .४१० ही कसलेल्या हातांची बंदूक आहे.

गेजपेक्षा माप महत्त्वाचं. ट्रिगरपासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर मोठ्यांच्या बंदुकीत १४ इंचांच्या आसपास असतं; मुलाला बहुधा १२-१३ लागेल. दुकानात बंदूक रिकामी असल्याची दोघांनी खात्री करा आणि त्याला ती खांद्याला लावून अर्धा मिनिट धरायला सांगा. पाठ मागे झुकली, तर बंदूक लांब किंवा जड आहे.

पण फार हलकीही नको. स्वस्तातली एकनळी, एकबारी बंदूक मोहात पाडते. मात्र वजन कमी म्हणजे धक्का जास्त. सहा पौंडांच्या आसपास ठीक. खिसा परवानगी देत असेल तर गॅसवर चालणारी सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप चढवणारी), तिचा धक्का सौम्य लागतो. पहिला सीझन मात्र एका वेळी एकच काडतूस भरू द्या. नाहीतर पंप (पुढची मूठ मागेपुढे सरकवून काडतूस चढवायची बंदूक): मॉसबर्ग ५०० सुपर बॅन्टमचा दस्ता १२ ते १३ इंच कमी-जास्त करता येतो आणि सेफ्टी वरच्या बाजूला असल्याने डावखुऱ्यालाही सोयीची.

काडतुसं पावणेतीन इंची, ७/८ औंस, साडेसात किंवा आठ नंबरचे छर्रे. तीन इंची मॅग्नम (जास्त जोराची काडतुसं) अजिबात नको. धक्क्याची धास्ती एकदा बसली की मूल ट्रिगर दाबताना डोळे मिटतं. रेंजवर त्याला न सांगता मध्येच एक डमी (दारू नसलेलं) काडतूस भरा. बार न उडता नळीचं तोंड खाली गेलं, तर धास्ती बसलीय. त्या दिवशी तिथेच थांबा.

घरात १२ गेज असेल तर दोन्हींची काडतुसं एका पिशवीत कधीच नकोत. २० गेजचं काडतूस १२च्या नळीत घसरून चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढे अडकतं. बार झाला नाही म्हणून मागून १२चं भरून उडवलं की नळी फुटते. २०ची काडतुसं पिवळी असतात ती याचसाठी.

होला स्थलांतरित पक्ष्यांत मोडतो, त्यामुळे बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावतील असा प्लग (जागा अडवणारा दांडा) मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसं साठवायच्या नळीत हवा. हंटर एज्युकेशनचा कोर्स आधीच उरकून घ्या.

आता तुमचा व्हिसा. एच-१बी आणि एच-४ (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) वाल्यांना बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला नेहमीचा अपवाद. म्हणून लायसन्स तुमच्याही नावावर हवं, शिकार करा वा न करा. टेक्ससचं वार्षिक लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं. नवं त्याआधीच काढा, नाहीतर १ सप्टेंबरला कपाटातली बंदूकच बेकायदा ठरेल.