सेप्सिसमध्ये 'डीआयसी' (बारीक रक्तवाहिन्यांत सगळीकडे गुठळ्या) झालंय, रक्त गोठतंय आणि वाहतंयही. अशात स्टेंट टाकायला होकार द्यावा का?

तुमच्या प्रश्नातली माहिती एकत्र मांडतो. आईंचं वय ६२, वजन साधारण ६० किलो. मूत्रनळीत खडा अडकून किडनीत पू साठला आणि तिथून सेप्सिस झालं, म्हणजे संसर्गाचा परिणाम सगळ्या अवयवांवर होऊ लागला. तीन दिवसांत प्लेटलेट्स १,९०,००० वरून ४६,००० वर आल्या. काल एसडीपीची (एकाच दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट्सची) एक पिशवी चढवली, आकडा ६१,००० झाला आणि आज पुन्हा ४४,०००. पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, १९ सेकंद (कंट्रोल, म्हणजे निरोगी नमुन्याचा, १२), डी-डायमर मशीनच्या मर्यादेपलीकडे, फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे बनवणारं प्रथिन) १८०. सुईच्या जागेतून रक्त झिरपतंय, पायाची बोटं काळीनिळी झालीत. युरॉलॉजिस्ट आजच डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंत ठेवायची बारीक नळी) टाकू म्हणतायत, प्लाझ्माच्या ४ पिशव्या मागवल्यात, आणि घरचे म्हणतायत की रक्त थांबत नसताना ऑपरेशन नको.

आधी तातडीचं सांगतो: प्लेटलेट्स वाढेपर्यंत थांबू असं म्हणू नका. त्या किडनीतला पू बाहेर पडल्याशिवाय वाढणारच नाहीत. काल चढवलेल्या पिशवीने तेच दाखवलं. एका एसडीपीने आकडा साधारण ३० ते ५० हजारांनी वर जायला हवा. तुमच्याकडे १५ हजारांनी गेला आणि दुसऱ्या दिवशी तोही पुसला गेला. डोनर कमी पडत नाहीयेत, आत खर्च चालू आहे. अडलेल्या लघवीच्या वर पू असेल तर अँटिबायोटिक तिथे पुरेसं पोहोचत नाही. आणि स्टेंट टाकताना कुठेही कापत नाहीत. लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून खड्याच्या बाजूने नळी वर सरकवतात. पाठीतून किडनीत सुई घालून नळी ठेवण्याचा दुसरा मार्ग आहे, पण त्यासाठी प्लेटलेट्स साधारण ५०,००० च्या वर आणि आयएनआर (पीटीवरूनच काढलेला आकडा) दीडच्या आसपास असावा लागतो. रक्त झिरपत असताना म्हणूनच स्टेंट बरा.

आता गोठणं आणि वाहणं एकाच वेळी कसं, ते. जंतूंच्या विषामुळे पांढऱ्या पेशी आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर 'टिश्यू फॅक्टर' बाहेर काढतात. हा एरवी जखम झाली तरच रक्ताला भेटतो. तो सगळीकडे एकदम भेटला की थ्रॉम्बिन तयार होतं, थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनचे धागे विणतं आणि केसासारख्या बारीक वाहिन्यांमध्ये गुठळ्या बसतात: बोटांत, किडनीत, फुप्फुसात. या गुठळ्यांना लागणारा माल म्हणजे प्लेटलेट्स आणि गोठणघटक. यकृत आणि अस्थिमज्जा तो बनवतात त्याहून वेगाने तो संपतो. मग सुईचं एवढंसं भोक बुजवायलाही काही उरत नाही. शरीर त्या गुठळ्या विरघळवतं तेव्हा जे तुकडे सुटतात त्यांचं मोजमाप म्हणजे डी-डायमर. सेप्सिसमध्ये विरघळवण्याचं काम दाबलं जातं, म्हणून रक्तस्रावापेक्षा गुठळ्यांनी अवयव बंद पडण्याची भीती जास्त असते. नातेवाइकांचं लक्ष झिरपणाऱ्या रक्ताकडे असतं. मला लघवीचं प्रमाण आणि क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची तपासणी) अधिक महत्त्वाचं वाटतं. बोटं काळी पडण्यात नॉरअॅड्रेनॅलिनचाही (रक्तदाब टिकवायला वाहिन्या आवळणाऱ्या औषधाचाही) हात असू शकतो, त्याचा डोस किती चाललाय ते विचारा.

डीआयसी एका तपासणीवर ठरत नाही, चार आकड्यांचे गुण मांडतात. प्लेटलेट्स ५०,००० च्या खाली: २. पीटी ६ सेकंदांहून जास्त लांबलेला: २. डी-डायमर खूप वाढलेला: ३. फायब्रिनोजेन १०० च्या वर: ०. तुमच्या आईंचे ७ होतात. ५ किंवा जास्त म्हणजे उघड डीआयसी.

इथे फायब्रिनोजेन फसवतं. २०० ते ४०० नॉर्मल, त्यामुळे १८० 'थोडंसंच कमी' वाटतं. पण एवढ्या जंतुसंसर्गात यकृत ते भरमसाट बनवतं, आकडा ५००-६०० असायला हवा होता. तिथून १८० म्हणजे मोठी घसरण. म्हणूनच एकट्या रिपोर्टला अर्थ नाही. दर ६ ते ८ तासांनी तीच तपासणी, त्याच लॅबमध्ये, आणि आकडे एकाखाली एक लिहून ठेवा.

रिपोर्ट अचानक विचित्र आला तर आधी नमुना तपासायला हवा. पीटीच्या निळ्या टोपीच्या नळीत १ भाग सायट्रेटला ९ भाग रक्त लागतं. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर पीटी खोटा लांबतो. हेपरिनने (गोठणं रोखणाऱ्या औषधाने) धुतलेल्या लाइनमधून रक्त काढलं तर एपीटीटी ही गोठण्याची दुसरी तपासणी बिघडते. जांभळ्या टोपीच्या नळीत कधीकधी प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या कमी मोजतं. स्लाइड पाहिली की कळतं.

प्लाझ्माच्या पिशव्यांचं गणित: १५ मिली दर किलोला, म्हणजे ६० किलोला ९०० मिली. एका पिशवीत सुमारे २०० मिली. म्हणून ४, फार तर ५. तो वितळवायला रक्तपेढीत ३७ अंशांवर अर्धा तास जातो, त्यामुळे ओटीची वेळ पक्की झाल्यावरच वितळवायला सांगा. आधी वितळवलेला तसाच पडून राहतो आणि त्यातले घटक उतरतात. प्लेटलेट्सची पिशवी मात्र फ्रिजमध्ये कधीच ठेवायची नाही, ती २० ते २४ अंशांवर हलती राहावी लागते. घरच्या कुणी बर्फाच्या डब्यात आणू नये. रक्तस्राव होत असताना प्लेटलेट्स ५०,००० च्या वर ठेवायचा प्रयत्न करतात. रक्तस्राव नसेल, काही प्रोसीजरही नसेल तर आकडा १०-२० हजारांच्या खाली जाईपर्यंत चढवत नाहीत. फायब्रिनोजेन १५० च्या खाली गेलं आणि रक्त वाहत असेल तर क्रायो, म्हणजे प्लाझ्मातून वेगळा काढलेला दाट भाग. त्यात फायब्रिनोजेन कमी पाण्यात जास्त मिळतं, आधीच सुजलेल्या पेशंटला हे सोसतं.

हेपरिन आज बंद केलं असेल तर ते झिरपण्यामुळे. झिरपणं थांबलं की छोट्या डोसात परत सुरू होऊ शकतं, दचकू नका. मात्र ते सुरू होऊन ५ ते १० दिवसांनी प्लेटलेट्स निम्म्यावर आल्या तर हेपरिनचीच अॅलर्जीसारखी प्रतिक्रिया आहे का, हे विचारा. ट्रानेक्झामिक अॅसिड (गुठळी विरघळू न देणारं औषध) द्या म्हणून आग्रह धरू नका. सेप्सिसच्या डीआयसीत ते गुठळ्या टिकवून ठेवतं. उलट, जेवण बंद आणि अँटिबायोटिक चालू असताना व्हिटॅमिन के कमी पडतं आणि पीटी त्यानेही लांबतो. १० मिलिग्रॅम शिरेतून सावकाश दिलंय का, एवढं जरूर विचारा.

मूळ कारण हटल्याशिवाय भरती टिकत नाही, हे घोणस चावल्यावर सर्वांत स्वच्छ दिसतं. तिच्या विषानेही असाच खर्च होतो. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात, मग नळी कलती करतात. रक्त पाण्यासारखं ओघळलं तर प्रतिविष. प्रतिविषाआधी नुसता प्लाझ्मा घातला तर विष तोही खाऊन टाकतं. तुमच्याकडे विषाच्या जागी पू आहे.

स्टेंटनंतर पहिल्या दिवसात ताप आणि थंडी एकदा वाढू शकते, कारण दाबलेला पू हलतो. नीट चाललं तर आधी नॉरअॅड्रेनॅलिनचा डोस आणि लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडल्याची खूण) उतरतं, मग एक-दोन दिवसांत पीटी. प्लेटलेट्स सर्वांत शेवटी, तीन ते पाच दिवस घेतात. तोवर मांसात इंजेक्शन नको, डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक नको. बोटं चोळू नका, गरम पिशवी लावू नका. नुसती कोरडी झाकून ठेवा. कोणता भाग वाचेल याची रेघ उमटायला काही आठवडे लागतात, त्याआधी बोट कापायचा निर्णय घ्यायची सहसा गरज नसते.