रीजनल बँकेचा फ्री कॅश फ्लो उणे झाला, म्हणजे बँक अडचणीत आहे का?

तुम्ही लिहिलंय की एका अमेरिकन रीजनल बँकेचा फ्री कॅश फ्लो (कामकाजातून आलेली रोकड वजा यंत्रं-इमारतींवरचा खर्च) मागच्या वर्षी भरघोस होता आणि यंदा उणे झालाय. नुसत्या त्या आकड्यावरून काहीच सांगता येणार नाही. बँकेच्या बाबतीत मी तो बघणंच सोडलंय.

कारखान्याचं सोपं असतं. माल विकला, यंत्रांवर खर्च केला, उरलं ते मालकाचं. बँकेचा कच्चा माल आणि पक्का माल दोन्ही पैसाच. ठेव आली की रोकड वाढते, पण ती परत द्यायची असते. कर्ज दिलं की रोकड जाते, पण धंदा तोच आहे! त्यात अमेरिकी हिशेबपद्धतीत, रोकड कुठून आली-गेली ते दाखवणाऱ्या तक्त्यात, ठेवी वित्तपुरवठ्याच्या रकान्यात बसतात, स्वतःकडे ठेवायची कर्जं गुंतवणुकीच्या, आणि पुढे विकायची गृहकर्जं मात्र कामकाजाच्या रकान्यात.

या शेवटच्या प्रकाराने मला एकदा चांगलंच फसवलं. शेअरच्या किमतीच्या मानाने फ्री कॅश फ्लो जास्त असलेल्या कंपन्या चाळताना एक बँक सगळ्यात वर आली. स्वस्तात सापडली म्हणून घेतली. नंतर कळलं की तिचा गृहकर्जांचा धंदा आटला होता. जुनी कर्जं विकली जात होती, नवी येत नव्हती, म्हणून रोकड दिसत होती. दुकान बंद करताना गल्ला भरतो, तसंच ते.

मग मालकाच्या हाती काय उरतं? नफ्यातून, वाढीसाठी बँकेत ठेवावं लागणारं भांडवल वजा करा. समजा नफा १०० कोटी, जोखीमभारित मालमत्ता (बुडण्याच्या धोक्यानुसार कमी-जास्त वजन देऊन मोजलेली कर्जं आणि गुंतवणुकी) ५०० कोटींनी वाढणार आणि बँकेला त्यावर १० टक्के भांडवल राखायचंय. ५० कोटी आत राहतील, उरलेले ५० लाभांशाला किंवा शेअर परत घ्यायला मोकळे. (बुडू शकणाऱ्या कर्जांसाठीच्या तरतुदी कमी करून फुगवलेला नफा असेल तर हे गणितही खोटं, म्हणून थकीत कर्जं आणि तरतुदी शेजारी शेजारी ठेवून बघा.)

बँकेची प्रकृती जोखायला सगळे आधी भांडवलाचं प्रमाण बघतात. बाझल ३ या बँकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मूळ भांडवल (मुख्यतः भागधारकांचा पैसा आणि साठवलेला नफा) जोखीमभारित मालमत्तेच्या किमान ४.५ टक्के, वर २.५ टक्क्यांची राखीव भिंत. पण सिलिकॉन व्हॅली बँकेच्या मूळ कंपनीकडे २०२२ अखेर ते १२ टक्क्यांच्या आसपास होतं. व्याजदर चढल्याने मुदतपूर्तीपर्यंत ठेवायच्या रोख्यांवर सुमारे १५ अब्ज डॉलरचा न नोंदवलेला तोटा होता, आणि भागधारकांचं एकूण भांडवल सुमारे १६ अब्ज. हा तोटा वार्षिक अहवालात छापलेला होता. त्यातच ९० टक्क्यांहून जास्त ठेवी विम्याच्या अडीच लाख डॉलरच्या मर्यादेबाहेरच्या. ९ मार्च २०२३ ला एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले, दुसऱ्या दिवशी बँक बंद.

तेव्हा तुमच्या बँकेच्या अहवालात आधी रोख्यांवरची टीप उघडा आणि बाजारभावाने होणारा तोटा भांडवलातून वजा करून बघा. मग विमा नसलेल्या ठेवींचा हिस्सा. रीजनल बँक आहे म्हणून आणखी एक: ऑफिस इमारती आणि व्यापारी जागांवरची कर्जं भांडवलाच्या ३०० टक्क्यांपलीकडे असतील, तर तिथले नियामकही जास्त बारकाईने बघतात. माझा निम्मा वेळ त्याच तक्त्यावर जातो.