खरे बैल नदीत धुवायचात?

ओवी,

परवा बेंदराला मी चिखलाच्या बैलांवर पाणी शिंपडत होते, तेव्हा तू म्हणालीस, "खरे बैल तुम्ही नदीत धुवायचात? आणि तेच पाणी प्यायचात? शी!" मी हसले. रात्री मात्र ते डोक्यातून जाईना.

हो, नदीतच. आबा सर्जा-राजाला कृष्णेवर न्यायचे, मागून मी काथ्या घेऊन. वर्षभर त्याच सर्जावर आसूड ओढायचे, तेही सांगते. पण मला जास्त आठवते ती उन्हाळ्यातली नदी. म्हशी डोहात बसल्या की नुसती नाकं वर. पाठीवर कोतवाल पक्षी, अंगाला टोचणारे बारके मासे. त्या काठाला आल्या की गायबगळे पायांशी घुटमळायचे, कारण खुरांनी चिखल ढवळला की बेडक्या उडायच्या. खुरांच्या खड्ड्यांत पाणी साचायचं, त्यात बेडकांची शेपटीवाली पिल्लं. दादा आणि मी ती मोजत बसायचो. म्हशी तोवर कुणाच्या तरी उसात.

आता आफ्रिकेतली मारा नदी आठव. पाणघोडे रात्रभर माळावर चरतात आणि दिवसा पाण्यात बसून शेण टाकतात. तिथले ४००० च्या वर पाणघोडे मिळून दिवसाला सुमारे ३६ टन. माळावरचं गवत असं माशांपर्यंत, किड्यांपर्यंत पोचतं. गवतातली सिलिकासुद्धा, जिच्यापासून पाण्यातली सूक्ष्म शेवाळं आपलं कवच बांधतात. तेव्हा दुर्बीण डोळ्याला लावून तू "वॉव" म्हणालीस. आमच्या म्हशींना शी! एवढंच टोचलं, बाई.

तशी तू अगदीच चुकीची नाहीस. माराचं पाणी आटलं की तेच शेण डोहात कुजतं, ऑक्सिजन संपतो, आणि वरून लोंढा आला की ते पाणी खाली जाऊन मासे मरतात. काकू सांगते, गावाकडे आता शिंगांना ऑइलपेंट फासतात. ते कुठला मासा खाणार! आणि पिण्याचं पाणी आम्ही वरच्या अंगाला भरायचो, असं तुला ठासून सांगणार होते. पण वरच्या अंगाला वरच्या गावच्या म्हशी असायच्याच.

तू बेंदूर केलाच पाहिजेस असं काही माझं म्हणणं नाही. बैल अजून खिडकीत आहेत. राजाचं शिंग तुटलंय, चिकटवायचं राहिलं. वेळ झाला तर बघ.

आई