दुखणं वेगळं, अवघडणं वेगळं

"कवळी बसवून महिना झाला, तरी जमत नाही. बाकीच्यांना जमतं, मग मलाच का नाही?" ज्येष्ठांचं समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यासमोर सतत येतो. तो विचारणारा माणूस आलेला असतो मात्र वेगळ्याच कारणाने. झोप लागत नाही, कुठे जावंसं वाटत नाही, घरात चिडचिड होते, असं काहीतरी. कवळीचा विषय निघतो तो बऱ्याच वेळाने, आणि तोही आवाज खाली आणून.

काकूंचंही तसंच झालं. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) वय 64, निवृत्त शिक्षिका. मुलगी त्यांना घेऊन आली होती आणि सुरुवातीला तीच बोलत होती. "आई आमच्याबरोबर जेवायला बसत नाही. आम्ही उठलो की मग एकटी जेवते. फोन घेत नाही. डॉक्टर म्हणतात, कवळी अगदी व्यवस्थित आहे. तरी ही लावत नाही. आता याला हट्ट नाही तर काय म्हणायचं?"

काकू तोंडावर रुमाल धरून खाली बघत होत्या. मी मुलीला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. दार लागलं तशी काकूंनी पर्समधून एक प्लास्टिकची डबी काढली आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवली. एखाद्या विद्यार्थ्याकडून काढून घेतलेली वस्तू मुख्याध्यापकांसमोर ठेवावी, तशी. "हे बघा. याच्यासाठी मी माझे दात दिले."

हिरड्यांच्या आजाराने दात हलायला लागले होते. उरलेले नऊ दात चार महिन्यांपूर्वी काढावे लागले. हिरड्या भरून आल्यावर मापं झाली आणि पाच आठवड्यांपूर्वी कवळी हातात आली. पहिले काही दिवस त्यांनी ती नेटाने लावली. मग एका संध्याकाळी नातीचा फोन आला. काकू दोन वाक्यं बोलल्या आणि पलीकडून नातीने विचारलं, "कोण बोलतंय?" काकूंनी फोन ठेवला. त्या दिवसापासून कवळी डबीत आणि काकू खोलीत. तीस वर्षं ज्यांनी मुलांना "शब्द स्पष्ट उच्चार" म्हणून शिकवलं, त्यांना हे किती लागलं असेल!

मी लगेच धीर द्यायला गेले नाही. दात गेलेल्या माणसाला सगळे घाईघाईने "आता बघ किती छान दिसतात" म्हणतात. प्रेमानेच म्हणतात, पण त्याने त्या माणसाचं तोंड बंद होतं. आपल्या शरीराचा एक भाग कायमचा गेला, त्याचं वाईट वाटणारच. ब्रिटनमध्ये सगळे दात गेलेल्या लोकांना याबद्दल विचारलं गेलं होतं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 45 टक्के लोकांनी, हे नुकसान स्वीकारणं जड गेलं, असं सांगितलं. मी काकूंना हे सांगितलं.

"म्हणजे जवळजवळ निम्मे?" त्यांनी विचारलं. रुमाल तेव्हा पहिल्यांदा खाली आला.

मग मी एक कोरा कागद घेतला, मधोमध रेघ मारली आणि एका बाजूला 'दुखणं', दुसऱ्या बाजूला 'अवघडणं' असं लिहिलं. माझ्या मते कवळीचं निम्मं कोडं इथेच सुटतं. दुखणं हे डॉक्टरांनी बघायचं, ते सोसायचं नसतं. अवघडणं आपल्या सरावाने जातं, तिथे डॉक्टर फारसं काही करू शकत नाहीत. माणसं नेमकं उलटं करतात. दुखतं ते मुकाट्याने सोसतात आणि अवघडतं म्हणून कवळी काढून ठेवतात.

काकूंच्या 'दुखणं' या रकान्यात एकच गोष्ट आली. खालच्या हिरडीवर, उजवीकडे मागे, कवळीची कड रुतत होती. "मग डॉक्टरांना व्यवस्थित कशी वाटली?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "दाखवायला जायचं म्हणून दोन दिवस आधीच काढून ठेवली होती. म्हटलं, जरा बरं होऊन जाऊ दे." हिरडी बरी झाली, लाल खूण गेली आणि डॉक्टरांना काहीच दिसलं नाही. ही चूक फार जण करतात. तपासणीला जायच्या आधी, सोसवेल तेवढी, काही तास तरी कवळी लावलेली हवी. म्हणजे कुठे घासते ते दिसतं आणि तेवढीच जागा किंचित घासून देता येते. घरी कानस किंवा ब्लेड घेऊन हा उद्योग कधीही करू नये.

'अवघडणं'चा रकाना मात्र भरला. तोंडात सारखी लाळ येते, काहीतरी मोठं कोंबल्यासारखं वाटतं, मध्येच उमळतं, स आणि श नीट निघत नाहीत, खालची कवळी बोलताना उचलली जाते. प्रत्येकाचं कारण मी सांगत गेले, कारण काकूंना कारण कळल्याशिवाय पटणारं नव्हतं. आत नवीन काही आलं की तोंडाला ते अन्न वाटतं, म्हणून लाळ सुटते. काही दिवसांत ती आपोआप कमी होते. वरची कवळी टाळू झाकते, आणि तिच्या व टाळूच्या मध्ये लाळेचा पातळ थर असतो, त्यामुळे ती चिकटून राहते. खालचीला टाळूच नाही. ती घोड्याच्या नालेसारखी, अरुंद, आणि मधोमध सतत हलणारी जीभ. त्यामुळे ती वरच्यासारखी घट्ट कोणाचीच बसत नाही. काकूंना वाटत होतं, आपलीच बिघडली.

"जीभ कुठे ठेवता?" मी विचारलं. त्या विचारात पडल्या. भीतीने त्यांनी जीभ मागे ओढून धरली होती, आणि तशी धरली की खालच्या कवळीचा आधार जातो. जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला हलकेच टेकवून ठेवायचं. एवढ्या एका गोष्टीने काकूंना सगळ्यात जास्त फरक पडला.

चावण्याचंही तसंच. खऱ्या दातांच्या मुळांभोवती नसा असतात, किती जोर लागला ते त्या सांगतात. कवळी नुसती हिरडीवर टेकलेली असते. तिच्या चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या साधारण पाव भागाएवढा, कधी त्याहूनही कमी. म्हणून सुरुवात मऊ अन्नाने, छोट्या घासांनी, आणि घास दोन्ही बाजूंना वाटून. पुढच्या दातांनी तोडायला गेलं की मागची बाजू उचलली जाते. फार गरम खातापिताना जपावं, टाळू झाकलेली असल्याने चटका घशाशी गेल्यावरच कळतो. स्नायूंना ही नवी सवय लागायला सहा ते आठ आठवडे जातात, आणि तेही रोज लावली तर. काकूंनी लावली होती जेमतेम आठ दिवस.

बोलण्याचा सराव मी शिकवला नाही. फक्त विचारलं, "वर्गात एखाद्या मुलाचे उच्चार नीट होत नसतील तर तुम्ही काय करायचात?" "त्याला मोठ्याने वाचायला लावायचे. हळू. रोज थोडंसं. आणि कुणाला हसू द्यायचे नाही," त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःच गप्प झाल्या. दुसऱ्या दिवसापासून सकाळी दार लावून दहा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं, हे त्यांनीच ठरवलं.

कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, रात्रीही कवळी काढू नका, म्हणजे लवकर सवय होते. हा सल्ला चुकीचा आहे. रात्री हिरड्यांना मोकळीक हवी, नाहीतर कवळीखाली बुरशी वाढून टाळू लालभडक होते. जपानमध्ये 85 आणि त्यापुढच्या वयाच्या 524 जणांना काही वर्षं तपासत राहिले होते. कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून थोडा अधिक निघाला. हा अभ्यास 2015 मधला. रात्री कवळी मऊ ब्रशने, साध्या साबणाने धुवावी आणि गार पाण्यात ठेवावी. टूथपेस्टने चरे पडतात, उकळत्या पाण्याने तिचा आकार बिघडतो. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवलं की हातातून निसटली तरी फुटत नाही.

मुलीशी मी वेगळं बोलले. "आज लावलीस का?" हा प्रश्न महिनाभर विचारू नका, एवढंच सांगितलं. ती रडली. तिला खरंच माहीत नव्हतं की आई घाबरली आहे.

सगळ्यांचं सरावाने भागतं असं नाही. दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं, पहिल्या वर्षी सर्वांत जास्त, आणि खालच्या जबड्याचं वरच्यापेक्षा बरंच अधिक. मग सुरुवातीला नीट बसलेली कवळीही सैल होते. तेव्हा आतून नवीन अस्तर देता येतं. खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेले धातूचे छोटे खुंट, बसवून त्यावर कवळी अडकवण्याचाही पर्याय आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी 2002 मध्ये, खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा, असं म्हटलं होतं. झेपत असेल तर आपल्या दंतवैद्यांना मोकळेपणाने विचारावं. त्यात कसला आला पराभव?

काकू चौथ्या वेळी आल्या तेव्हा कड घासून झाली होती. त्यांनी वर्तमानपत्राची घडी काढली आणि मला एक बातमी वाचून दाखवली. 'शासकीय' या शब्दाला अडखळल्या, मागे आल्या, पुन्हा वाचला. खालची कवळी एकदा उचलली गेली, ती त्यांनी जिभेने बसवली. हात तोंडाकडे गेला नाही. नातीला त्यांनीच फोन केला होता, आणि आधी सांगून टाकलं होतं, "आजीला नवे दात लागलेत, थोडी वेगळी बोलेन."

निघताना दाराशी थांबल्या. "एक राहिलंय. रात्री काढायची ती मी बाथरूमला आतून कडी लावून काढते. यांच्यासमोर नाही जमत. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण तसं तोंड यांनी पाहिलेलं नाही."

"काकांना माहीत आहे?"

"माहीत असणारच. पण पाहिलेलं नाही."

"मग काय करायचं?"

त्यांनी क्षणभर विचार केला. "ते अजून नको," म्हणाल्या.

बरं, म्हटलं. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची ठरली.