नोकरीधंदा करणाऱ्याला तत्त्वज्ञानाचा रोजच्या जगण्यात आणि श्रद्धेच्या बाबतीत काही उपयोग होतो का? सुरुवात कुठून करावी?

होतो. माझा साडेतीन एकरांतला वाटा त्यानेच वाचवला.

मी तत्त्वज्ञानात एम. ए. करायचं ठरवलं तेव्हा आमचे थोरले काका भर पंगतीत म्हणाले होते, "ते तत्त्वज्ञान काय चुलीत घालायचंय?" अण्णा, म्हणजे माझे वडील, काही बोलले नाहीत. फी मात्र भरली. काकांचं ते वाक्य मी बावीस वर्षं जपून ठेवलंय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

अण्णांचा दहावा वाईला, कृष्णेच्या घाटावर होता. पिंड ठेवले, सगळे मागे सरकले, आणि कावळा काही शिवेना. समोरच्या झाडावर चार-पाच बसले होते, पण खाली यायचं नाव नाही. मग नेहमीचं सुरू झालं. भाऊ हात जोडून म्हणाला, आईला सांभाळीन. नाही. आत्या म्हणाली, नातीचं लग्न थाटात करू. नाही. आत्तेभावाने तर पिंडाशेजारी तंबाखूची पुडी ठेवली, कारण शेवटचे आठ महिने डॉक्टरांनी ती बंद केली होती. तरी नाही.

तेव्हा काका पुढे आले. "अण्णाचा जीव जमिनीत अडकलाय. लेक हिस्सा मागेल याचा घोर होता त्याला. पोरी, एकदा म्हण, हक्कसोडावर सही करते. बघ, लगेच शिवतो की नाही."

चाळीस माणसं माझ्याकडे बघायला लागली. आईसुद्धा. कायद्याने २००५ पासून लेकीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढाच वाटा आहे, हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं. पण घाटावर, बापाच्या पिंडासमोर, कायदा कोण काढतो? माझ्या दोन मैत्रिणींच्या सह्या अशाच रडता रडता झाल्यात.

मला आठवला न्यायदर्शनाचा, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राचा, पहिला धडा. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे आग असणार. हे अनुमान टिकतं, कारण जिथे धूर तिथे आग ही व्याप्ती, म्हणजे कायमची जोड, कुठे मोडत नाही. काकांची व्याप्ती काय, तर जिथे कावळा शिवत नाही तिथे इच्छा राहिलेली. आता शेजारी आणखी दोन दहावे चालले होते. सकाळी सातला आलेल्या मंडळींचा पिंड म्हणे ठेवल्या ठेवल्या शिवला, आणि साडेदहाला आलेले आम्ही तिघेही ताटकळत होतो. तीन घरच्या मयतांच्या इच्छा एकाच वेळी अडकल्या, की कावळ्यांची पोटं भरली होती? आणि समजा, राहिली इच्छा. ती जमिनीचीच कशावरून? धुरावरून आग कळते, ती कोणी लावली ते कळत नाही.

एवढं सगळं मी बोलले नाही. मोठ्याने इतकंच विचारलं, "काका, जमिनीचंच आहे हे कशावरून?"

कोणी बोललं नाही. गुरुजींना पुढचं काम होतं. त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि म्हणाले, चला, उठा. ज्या वाईत प्राज्ञपाठशाळेसारखी विद्येची जागा आहे, जिथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारख्या पंडिताची हयात गेली, त्याच गावच्या घाटावर हे चाललं होतं, ही आपली एक गंमत.

माझं स्पष्ट मत: श्रद्धा म्हणून जे आपल्यापुढे येतं, त्यातल्या निम्म्यात कोणाचा तरी व्यवहार दडलेला असतो, आणि तो बाहेर काढायला 'कशावरून' हा एक शब्द पुरतो. हे काही पाश्चात्त्य खूळ नाही. चौदाव्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रह' या ग्रंथात परलोक न मानणाऱ्या चार्वाकांचा सवाल नोंदलेला आहे: इथे दिलेलं अन्न मेलेल्याला पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी कशाला बांधावी? खाली ताट वाढून माडीवरच्याचं पोट का भरत नाही? हे मी काकांना वर्षश्राद्धाला ऐकवलं. पुण्याहून गावी येताना एसटीत ते डबा घेऊन बसतात.

आता हे वाचून कोणाच्या दहाव्याला वाद घालायला जाऊ नका. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मीही झाडाकडेच बघत होते. मनातल्या मनात अण्णांना काहीतरी म्हणालेही. काय ते सांगणार नाही. आई अजून रोज दुपारी कुंपणाच्या भिंतीवर भाताचा घास ठेवते. तिला मी कधी 'कशावरून' विचारलेलं नाही. तिला कोणाकडून सही नकोय.

सुरुवात कुठून करायची ते राहिलंच. मराठी विश्वकोश उघडा, इंटरनेटवर फुकट आहे. न्यायदर्शन, चार्वाक, प्रमाण (म्हणजे खरं ज्ञान मिळवायचं साधन) या विषयांवरचं वाचा. तत्त्वज्ञानावर मराठीत लिहिणाऱ्या मे. पुं. रेग्यांचं लिखाण मिळालं तर सोडू नका. वेदान्ताकडे नंतर वळा, नाहीतर आधीच सगळं मिथ्या वाटायला लागून सातबाऱ्याकडे दुर्लक्ष होतं.

काका इथे येत नाहीत, पण त्यांचा नातू येतो. बाळा, आजोबांना सांग, तो हक्कसोडाचा कागद माझ्या कपाटातच आहे. सही न केलेला.