टर्कीला वेगळं खुराडं कर

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा कांदाचाळीचा बेत कळला. पन्नास गावरान पिल्लं आणि वीस टर्की जानेवारीत आणून एकाच कोपऱ्यात, एकाच बल्बखाली ठेवायची म्हणतेस. जागा वाचेल, वीज वाचेल. टर्की वाचणार नाहीत.

कोंबडीच्या आतड्यात एक बारीक जंत असतो. त्याच्या अंड्यांतून ब्लॅकहेड नावाच्या रोगाचा जंतू पसरतो. कोंबडी तो पोटात घेऊन हिंडते आणि तिला बहुधा काही होत नाही. टर्कीचं आतडं आणि यकृत मात्र तो पार खराब करतो. विष्ठा गंधकासारखी पिवळी दिसायला लागली की बरेचदा उशीर झालेला असतो. त्या जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, गांडुळांच्या पोटातही राहतात. म्हणजे तुझ्या आईच्या कोंबड्या ज्या उकिरड्यावर उकरतात, तो टर्कीला कायमचा बंद. खुडूक कोंबडीखाली टर्कीची अंडी ठेवायचा विचारही सोड. टर्कीला गोठ्यापलीकडची, कोंबडी कधी न फिरलेली जागा दे. सकाळी आधी टर्कीकडे जा, मग कोंबड्यांकडे, आणि तिकडची चप्पल वेगळी ठेव.

खाद्याचंही तेच. कोंबडीच्या पिल्लांच्या तयार खाद्यात रक्ती हगवणीवरचं औषध मिसळलेलं असतं. ते सॅलिनोमायसिन असेल तर टर्कीला विष आहे. दुकानदार ‘सगळं एकच असतं, ताई’ म्हणेल. तू गोणीवरचं लेबल वाच. टर्कीच्या पिल्लाला प्रथिनं 28 टक्क्यांच्या आसपास लागतात, कोंबडीच्या पिल्लाला 20-22 पुरतात. ती तूट भरायला घरची शेंगदाणा पेंड घालावीशी वाटेल. 1960 साली इंग्लंडमध्ये अशाच बुरशी लागलेल्या पेंडीने लाखाच्या वर टर्की मेल्या, आणि त्या तपासातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं. पेंडीला किंवा मक्याला कुबट वास आला तर सरळ फेकायचं. गाईपुढेही टाकू नकोस, दुधात उतरतं.

टर्कीचं पिल्लू मुळात मंद. दाणा पायाखाली असून उपाशी मरतं. आल्याआल्या एकेकाची चोच पाण्यात बुडव. पाण्याच्या भांड्यात दोन-चार रंगीत काचेच्या गोट्या टाक. चमकतं तिथे ते टोचतं आणि पाणी आपोआप तोंडात जातं. पहिले पंधरा दिवस लिटरभर पाण्यात 100 मिली दूध, आणि दहा पिल्लांमागे एक उकडलेलं अंडं कुस्करून. दुधाचं पाणी आंबायच्या आत बदल. पहिल्या रात्री झोपायच्या आधी प्रत्येक पिल्लू हातात घेऊन गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचप. मऊ, भरलेली लागली तर ठीक. टणक लागली तर दाणा सापडला, पाणी सापडलं नाही. रिकामी असेल त्याला बाजूला घेऊन हाताने भरव. हे काम गड्यावर सोडू नकोस.

आता जानेवारीचं. निफाडची थंडी तुला मी काय सांगू! पिल्लांना पहिल्या आठवड्यात 35 अंश लागतात, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. एलईडी लावलास तर उजेड मिळेल, ऊब नाही. जुना पिवळा बल्बच हवा. रात्री वीज गेली तर शेगडी चालते, पण धूर बाहेर जायला वर फट ठेव. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघ. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करतात तेव्हा गारठलीत, कडेला जाऊन चोच वासतात तेव्हा तापलीत. थंडीत कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात, म्हणून कोपरे नकोतच, पत्रा गोल वाकवून लाव.

खाली वर्तमानपत्र अंथरू नकोस. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात ते फाकलेलेच राहतात. घोटीच्या भात गिरण्यांतून तूस आण आणि ओलं झालं की काढ. लशींचं वेळापत्रक जनावरांच्या दवाखान्यातून लिहून घे. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी, ती चुकवू नकोस. आणि द्राक्षबागेत पिल्लं सोडायची तर फवारणीचं वेळापत्रक बापाला विचारून, नाहीतर नकोच.

खरं म्हणजे दोन्ही एका वेळी आणायची गरजच नाही. टर्कीला आपल्याकडे गिऱ्हाईक मिळतं ते मुख्यतः नाताळात. वाढायला पाच-सहा महिने धर, म्हणजे पिल्लं जूनमध्ये आलेली बरी. गावरान फेब्रुवारीत, थंडी ओसरल्यावर आण. तोवर नाशकातल्या दोन-तीन हॉटेलांत जाऊन टर्की घेणार का, किती घेणार, हे विचारून ये. कुणी हो म्हणालं नाही तर वीसच्या जागी पाचच घे, घरी खाऊ.

हॅचरीला पैसे भरण्याआधी गोणीच्या लेबलचा फोटो पाठव.

तुझा,
मामा