निर्णय तुमचा, बिल कोणाचे?

मागच्या अंकात आम्ही स्वतंत्रतावादाची, म्हणजे लिबर्टेरियन विचाराची, तोंडओळख करून दिली होती. माणसाचे शरीर आणि कमाई त्याची स्वतःची. दुसऱ्याला इजा होत नाही तोवर सरकारने मध्ये पडू नये, हा त्याचा गाभा. त्यावर खान्देशातून आलेली पत्रे बहुतेक दवाखाना आणि दारू या दोन विषयांवरची आहेत. त्यातली पाच निवडली, कापूनछाटून देत आहोत.

वडील शेतकरी संघटनेचे जुने बिल्लेवाले. सरकारने शेतमालाच्या बाजारातून हात काढावा, हे त्यांचे पालुपद. मी विचारले, मग दवाखान्यातूनही काढायचा का? गरिबाने काय करायचे? ते गप्प बसले. तुम्ही सांगा.
– एक तरुण शेतकरी, चोपडा

वडील गप्प बसले यात कमीपणा नाही. या प्रश्नावर स्वतंत्रतावाद्यांची आपसातच जुंपते. सरकारी नियोजनावर तुटून पडणाऱ्या अर्थतज्ज्ञ हायेक यांनी १९४४ मध्येच लिहिले होते की आजारपण, अपघात अशा संकटांसाठी सरकारने सामाजिक विम्याची सोय करायला हरकत नाही. रॉथबर्ड यांच्यासारख्या कट्टर स्वतंत्रतावादी अर्थतज्ज्ञांना तेवढेही मान्य नव्हते. करातून दिलेली मदत म्हणजे एकाच्या खिशातून जबरदस्तीने काढून दुसऱ्याला देणे, असे त्यांचे म्हणणे.

वडिलांना कळेल असे उदाहरण घ्या. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस घरचा, पण विकायची खिडकी एकच. सातपुडा ओलांडला की सेंधव्याचा बाजार, पण तिकडे गाडी नेली तर गुन्हा. दवाखान्याबाबत स्वतंत्रतावाद्यांचा राग याच जातीचा आहे. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्ये डॉक्टरांच्या परवाना पद्धतीलाच हात घातला. कोणी किती शिकले याचे प्रमाणपत्र द्या, पण परवाना नसलेल्याला बंदी करू नका. बंदीमुळे डॉक्टर कमी राहतात आणि फी चढते, असा त्यांचा मुद्दा. आपल्याकडे हे भांडण वेगळ्या रूपात चालू आहे. २०१४ मध्ये महाराष्ट्राने होमिओपॅथांना औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करून अ‍ॅलोपॅथीची औषधे देण्याची वाट मोकळी केली आणि अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांची संघटना कोर्टात गेली. सातपुड्यातल्या पाड्यावर एमबीबीएस डॉक्टर टिकत नसेल तर तिथे कोणाला मुभा द्यायची, हा प्रश्न फ्रीडमन यांचाच आहे, फक्त बोली आपली.

पण इथे कापसाची उपमा अडते. कापूस किती लांब धाग्याचा आहे हे तुमचे वडील चिमटीत धरून सांगतील. अँजिओग्राफीच्या पडद्यावर ८० टक्के ब्लॉकेज दाखवले तर ते खरे आहे का, हे त्यांना कळणार नाही. अर्थतज्ज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्ये हेच मांडले: विकणाऱ्याला सगळे माहीत, घेणाऱ्याला काहीच नाही, आणि गरज कधी पडेल तेही माहीत नाही, असा हा बाजार. याला स्वतंत्रतावाद्यांकडे अर्धेच उत्तर आहे, असे आमचे मत. ज्या आजारांचे उपचार थांबू शकतात तिथे त्यांचे म्हणणे बरेच लागू पडते. छातीत कळ आलेल्या माणसाला घासाघीस करता येत नाही.

म्हणून दोन्हींची तयारी वेगळी ठेवा. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा अशा ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी किमान तीन ठिकाणांहून लेखी अंदाज घ्या. त्यात खोलीचे रोजचे भाडे, सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटर, इम्प्लांटची कंपनी आणि मॉडेल, औषधे व किती दिवस राहावे लागेल, हे सुटे सुटे लिहून मागा. 'पॅकेज'चा एकच आकडा घेऊन घरी येऊ नका. वाढीव बिल बहुतेकदा पॅकेजबाहेरच्या गोष्टींतून येते. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार राज्यातल्या खाजगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावायची आहे. ती दिसली नाही तर मागा. आणीबाणीत मात्र आधी जीव वाचवायचा, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सरकारी आणि खाजगी दोन्ही डॉक्टरांना बजावले आहे.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा लाभ घ्यायचा असेल तर भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा. रेशनकार्ड आणि आधार जवळ हवे. घोडे बहुतेक वेळा नावावर अडते: सून घरात येऊन तीन वर्षे झाली तरी तिचे नाव कार्डावर चढलेले नसते. ते काम आज, घरात कोणी आजारी नसताना, पुरवठा शाखेत जाऊन करा.

केळीच्या पैशातून कुटुंबाचा आरोग्य विमा घ्यायचा आहे. सरकारी योजनेच्या भरवशावर राहायचे नाही. भाऊ म्हणतो, विमा कंपनी लुटते. त्यापेक्षा बँकेत पैसे टाक.
– रावेर

दोघांचेही थोडे थोडे बरोबर. स्वतःच्या उपचारासाठी स्वतःच्या नावे साठवलेला पैसा माणूस जपून खर्च करतो, ही स्वतंत्रतावाद्यांची लाडकी कल्पना. सिंगापूरने १९८४ मध्ये मेडिसेव्ह नावाने ती राबवली. पण तिथे पगारातून कपात सक्तीची आहे आणि मोठी रुग्णालये बहुतांश सरकारीच, हे सांगायला त्याचे भक्त विसरतात.

साठवलेला पैसा तापाला, दातांना, लहानसहान गोष्टींना पुरतो. कॅन्सरला पुरत नाही. म्हणून मोठ्या खर्चासाठी विमा, बारीकसारीक खर्चासाठी बँकेतली गंगाजळी, अशी विभागणी करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला आहे, तेव्हा त्याआधीची कोटेशने फेकून द्या.

आता खोलीभाड्याचे कलम नीट वाचा, कारण जास्तीत जास्त माणसे इथे फसतात. समजा ५ लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा रोज १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये. तुम्ही १०,००० ची खोली घेतली. कंपनी फक्त भाड्याचा फरक कापेल असे वाटते. तसे नसते. मर्यादा भाड्याच्या निम्मी ठरली म्हणून डॉक्टरांची फी, थिएटर, नर्सिंग हेही निम्मेच मिळते. ही रक्कम १ लाख २० हजार असेल तर ६० हजार तुमच्या अंगावर. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही. लावली असेल तर भांडा. शक्य असेल तर खोलीभाड्याची मर्यादाच नसलेली पॉलिसी घ्या.

प्रस्तावात साखर आणि रक्तदाब लपवू नका. आधीच्या आजारांसाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त ३६ महिने आहे, तो काढता येतो. लपवलेला मधुमेह मात्र दाव्याच्या वेळी पाच वर्षांपर्यंत उकरून काढता येतो, आणि ठरवून केलेली फसवणूक ठरली तर त्यानंतरही.

स्टेंटचे भाव सरकारने बांधले ते चूक की बरोबर?
– पाचोरा

स्टेंट म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायची जाळी. फेब्रुवारी २०१७ मध्ये साध्या धातूच्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० आणि औषध लावलेल्या स्टेंटची २९,६०० रुपये ठरवली गेली. त्याआधी औषधी स्टेंट लाखाच्या वर विकले जात होते. स्वतंत्रतावादी म्हणाले, भाव बांधलेत की माल नाहीसा होईल. आणि खरोखरच काही कंपन्यांनी आपले नवे, महागडे स्टेंट बाजारातून काढून घेण्याची परवानगी मागितली. पण आधीचा भाव तरी बाजाराचा कुठे होता? स्टेंट निवडणारा डॉक्टर, नफा रुग्णालयाचा, पैसे रुग्णाचे. अशा तिढ्यात गिऱ्हाईक स्पर्धा लावू शकत नाही. आम्ही इथे सरकारच्या बाजूने झुकतो, एका अटीवर: फुगा एका जागी दाबला की दुसरीकडे फुगतो. स्टेंट स्वस्त झाला तरी प्रक्रियेची फी वाढू शकते.

तेव्हा बिलात स्टेंट वेगळ्या ओळीत मागा: कंपनी, बॅच नंबर, किंमत. खोक्यावरचे स्टिकर केसपेपरला चिकटवलेले असते, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. कमाल भाव वेळोवेळी बदलतात. सध्याचा आकडा राष्ट्रीय औषध दर नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहा.

आमच्या बचत गटाने गावातले देशी दारूचे दुकान बंद करायचे ठरवले आहे. दीर म्हणतो, पिणे हा माणसाचा हक्क, स्वातंत्र्यवाले आमच्या बाजूचे. खरे का?
– एक भगिनी, शहादा तालुका

दिरांचे अर्धे खरे आहे, ताई. प्रौढ माणसाने स्वतःच्या पैशाने काय प्यावे हे त्याने ठरवावे, असेच स्वतंत्रतावादी म्हणतील. पोर्तुगालने २००१ मध्ये सगळ्या अमली पदार्थांचे थोड्या प्रमाणातले सेवन गुन्ह्यातून वगळले, त्याचे ते कौतुक करतात. पण 'स्वतःच्या पैशाने' आणि 'दुसऱ्याला इजा न करता' या दोन अटी दिरांनी गाळल्या. बायकोच्या मजुरीचे पैसे हिसकावून पिणे ही चोरी आहे आणि पिऊन मारणे हा गुन्हा. त्यासाठी पोलिसांत तक्रार होते, दुकान चालू असो वा बंद. शिवाय ते दुकान काही मोकळ्या बाजारातले नाही. सरकारने एकाला परवाना देऊन दुसऱ्यांना मज्जाव केलेला आहे.

आता तुमचे काम. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांसह मागणी केली की पडताळणी होऊन गुप्त मतदान होते: उभी बाटली (दुकान चालू) की आडवी बाटली (दुकान बंद). अर्ज जिल्हाधिकारी आणि राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे द्या, पोच घ्या.

खरी मेख मोजणीत आहे. पडलेल्या मतांच्या निम्मी नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या ५० टक्क्यांहून अधिक मते आडव्या बाटलीला लागतात. यादीत १,२०० महिला असतील तर अर्जाला ३०० सह्या, आणि मतदानात किमान ६०१ आडव्या बाटल्या. समजा ७०० जणी आल्या आणि ५६० जणींनी आडवी केली. दर पाच जणींत चौघी तुमच्या बाजूने, तरी दुकान चालू राहते. घरी राहिलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या खात्यात जाते, असे धरूनच चला.

त्यामुळे मतदार यादी आधी तपासा. वारलेल्या आणि लग्न होऊन गेलेल्या बायकांची नावे कमी करून घ्या, नाहीतर तीही एकूण संख्येत मोजली जातात. सह्या २५ टक्क्यांवर थांबवू नका, ३५ पर्यंत न्या; माहेरच्या नावाने यादीत असलेलीने सासरच्या नावाने सही केली किंवा अंगठ्यापुढे नाव नसले की पडताळणीत सह्या गळतात. आणि तारीख. दिवाळीनंतर तुमच्याकडची निम्मी घरे ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्या महिन्यांत मतदान लागले तर ६०१ कुठून आणणार? अर्ज अशा बेताने करा की मतदान लोक गावात असताना होईल, आणि तसे अर्जातच लिहा.

हातभट्टी या मतदानाने बंद होत नाही. ती मुळातच बेकायदा आहे. दुकान बंद झाल्यावर तीच वाढते, हा स्वतंत्रतावाद्यांचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेऊ नका. पहिल्या महिन्यापासून त्यावर डोळा ठेवावा लागेल.

वय ७४. शेवटी व्हेंटिलेटरवर ठेवू नये अशी इच्छा आहे. मुलगा पुण्यात, मुलगी सुरतेला, दोघांची मते वेगळी. कायद्याने काय करता येईल?
– निवृत्त शिक्षक, अमळनेर

गुरुजी, इथे भारतीय कायदा आणि स्वतंत्रतावाद बऱ्याच अंतरापर्यंत बरोबर चालतात. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला आणि आगाऊ वैद्यकीय निर्देश, म्हणजे लिव्हिंग विल, मान्य केले. पुढे वाटा फुटतात: इंजेक्शन देऊन मरण आणण्याला आपल्याकडे परवानगी नाही, स्वतंत्रतावादी तीही मागतात.

आधी या कागदावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे, त्यामुळे कोणी त्या वाटेला जात नसे. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरते. साक्षीदार शक्यतो वारस नसावेत.

'मला नळ्या नकोत' असे मोघम लिहू नका. व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न, हृदय थांबल्यावर छाती दाबणे, प्रत्येकाबद्दल हवे की नको ते वेगळे लिहा. वेदनाशामक द्यावे हेही लिहा. तुमच्या वतीने बोलणाऱ्याचे नाव द्या. एकाहून अधिक नावे देता येतात, पण मुलगा आणि मुलगी दोघांची देणार असाल तर मतभेद झाल्यास कोणाचा शब्द अखेरचा, तेही नमूद करा. तुमच्या घरात भांडण इथेच होणार आहे.

वेळ आली की उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ मत देते, मग दुसरे मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर असतो. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत निर्णय द्यायचा आहे. तुमची इच्छा काय होती हे त्यांना कळायला कागद हाताशी हवा. एक प्रत नगरपालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे, एकेक दोन्ही मुलांकडे द्या. मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. रात्री दोन वाजता आयसीयूबाहेर लॉकर उघडत नाही.